अल्गोनक्विनला फॉल कलर बघायला जाताय? आधी दिवस कसा लावायचा ते नीट ठरवा

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या आपल्या ग्रुपांवर अल्गोनक्विनबद्दल (कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं मोठं जंगलाचं पार्क, जिथे लोक पानगळीचे रंग बघायला जातात) तेच ते मेसेज सुरू होतात. "गेलो होतो, पानं गळून गेली होती." "गेटवरूनच परत पाठवलं." "एक पण मूस दिसला नाही, उगाच हाइप आहे." (मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर.) मी गेली बरीच वर्षं दर पानगळीला अल्गोनक्विन पार्कात जाते, आणि हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण जंगल तिथेच असतं, प्राणी पण असतात, चुकतो तो क्रम. लोक दुपारी पोचतात, आधी जेवतात, मग सगळ्यात गर्दीच्या ट्रेलवर चढतात आणि अंधार पडता पडता मूस शोधायला लागतात. म्हणजे अगदी उलट्या टोकाने. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. हायवे ६० चा पार्कातला जो ५६ किमीचा पट्टा आहे तेवढ्यापुरतंच, कारण एका दिवसात तेवढंच नीट बघून होतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. या रस्त्यावर प्रत्येक जागेचा पत्ता किमीवर असतो. वेस्ट गेट म्हणजे किमी ०, ईस्ट गेट म्हणजे किमी ५६. रस्त्याकडेला किमीच्या पाट्या आहेत. खाली मी किमी देतेय ते त्यावरून.

पायरी १ : तारीख ठरवा, पण कॅलेंडर बघून नाही

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड धरतात (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार), कारण सुट्टी असते. पण शुगर मेपल, म्हणजे तो जो लाल-केशरी भडका आपल्याला हवा असतो, तो साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत भरात असतो. थँक्सगिव्हिंगपर्यंत वारा-पाऊस झाला की मेपल बऱ्यापैकी उघडे पडलेले असतात.

आता याचा अर्थ नंतर जाऊच नये असा नाही. रंग एकदम येत नाही, लाटेलाटेने येतो, आणि तुम्हाला कुठली लाट मिळतेय त्यावरून पार्कात कुठे थांबायचं ते ठरवायचं :

सप्टेंबरच्या मध्याला पाणथळ कडेचे रेड मेपल आधी पेटतात, बाकी जंगल हिरवंच असतं. मग शुगर मेपल. हे पार्कच्या पश्चिम भागात जास्त, कारण तो भाग उंच आणि मेपलच्या जंगलाचा आहे, म्हणून त्या आठवड्यात वेस्ट गेटकडचा अर्धा भाग बघा. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पिवळ्याची पाळी, बर्च आणि अस्पेन. पूर्वेकडे पाइनच्या गर्द हिरव्यात हे पिवळं फार सुंदर दिसतं. आणि सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, टॅमरॅक. हे झाड दिसायला ख्रिसमस ट्रीच्या भावकीतलं, सुईसारखी पानं, पण पानगळीत ते सोनेरी होतं आणि सगळ्या सुया गाळून टाकतं. लोकांना वाटतं झाड मेलं. मेलेलं नसतं, झोपायच्या तयारीत असतं. एकदा एक फांदी हलकेच धरून बघा, सुया अगदी मऊ असतात, टोचत नाहीत, आणि हाताला लागल्या लागल्या पिवळ्या सुयांचा सडा पडतो.

रंग कमी-जास्त का होतो हे पण कळलं की अंदाज बांधता येतो. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरवा ओसरला की तो दिसायला लागतो. लाल मात्र झाड पानगळीतच नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्याला दिवसा स्वच्छ ऊन नि रात्री गारवा (पण कडक दहिवर नको) लागतो. म्हणून ढगाळ, उबदार सप्टेंबर गेला तर पिवळा ठीक असतो पण लाल फिका पडतो.

चेक : निघायच्या आठवड्यात पार्कच्या वेबसाइटवरचा फॉल कलर रिपोर्ट बघा. त्यात फक्त रंगाचा टक्का बघू नका, पानं किती गळलीत तेही बघा. रंग बदललाय पण निम्मी पानं खाली, हे तुम्हाला नकोय.

पायरी २ : परमिट आणि मुक्काम

पार्कात गाडी थांबवायची असेल तर डेली व्हेइकल परमिट लागतं. हायवेवरून न थांबता आरपार जायला लागत नाही, पण तसं जाऊन काय बघणार. परमिट ५ दिवस आधीपासून ऑनलाइन बुक होतं, आणि पानगळीच्या वीकेंडला ते संपतं, अगदी लवकर संपतं. एका वर्षी माझ्या घरी भारतातून आई-बाबा आले होते, म्हटलं गेटवर जाऊन घेऊ, शनिवारी ११ वाजता पोचलो आणि परमिट नाही म्हणून गेटवरूनच मागे फिरावं लागलं. तीन तासांचा प्रवास करून आलेल्या आईचा चेहरा अजून आठवतो. त्यानंतर एकदा पण परमिटशिवाय निघाले नाही.

जमत असेल तर मंगळवार-बुधवार धरा. एक दिवस रजा टाका, पण वीकेंड टाळा. आणि मुक्काम आदल्या रात्रीच करा, पश्चिमेला हंट्सव्हिलकडे किंवा पूर्वेला व्हिटनीला. टोरांटोहून हायवे ४००, मग ११, मग हंट्सव्हिलहून ६०, असे सरळ तीन तास तरी जातात, म्हणजे पहाटे पार्कात असायचं तर रात्री साडेतीनला निघावं लागतं आणि अपुऱ्या झोपेने अंधारात जंगलातल्या रस्त्यावर गाडी चालवणं मला अजिबात पटत नाही.

चेक : परमिट फोनमध्ये सेव्ह केलंय ना? पार्कात बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो. मॅप पण ऑफलाइन डाउनलोड करा. पेट्रोलची टाकी हंट्सव्हिललाच फुल करा.

पायरी ३ : सामान

कपड्यांचे थर. पहाटे शून्याच्या आसपास, दुपारी १२-१५ डिग्री, असा फरक असतो. एकच जाड जॅकेट घातलं तर चढावर घामेजता आणि बसल्यावर तोच घाम गार पडतो. आतून कॉटन नको, ओलं झालं की सुकत नाही.

आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही : वरचं जॅकेट आवाज करणारं नको. रेनकोटच्या कापडाची सर्रसर्र शांत पहाटे कुठल्या कुठे ऐकू जाते. बाहेरून लोकर किंवा फ्लीस घाला, रेनकोट बॅगेत ठेवा. परफ्यूम, अत्तर, डिओ त्या दिवशी नको. मूसची नजर बेताची पण नाक आणि कान फार तिखट.

बाकी : दुर्बीण (८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची पुरते), प्रत्येकाला एक टॉर्च, ग्रिप असलेले बूट, बसायला फोमचा तुकडा, थर्मासमध्ये चहा. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या असं काहीतरी, ज्याला कुरकुर वाजणारी पाकिटं नाहीत. चिवड्याची पिशवी गाडीतच ठेवा. पँट लांब आणि मोज्यात खोचलेली, कारण डास गेलेले असतात पण गोचीड पानगळीत पण असतात.

सावध : ड्रोन नेऊ नका. ओंटारिओच्या प्रोव्हिन्शियल पार्कांत परवानगीशिवाय चालत नाही, आणि त्या आवाजाने तळ्यावरचं सगळं उडून जातं.

पायरी ४ : पहाट फक्त मूससाठी ठेवा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. तुम्ही पावणेसातला जागेवर बसलेले पाहिजे, गाडीत नाही, जागेवर.

इथे एक गैरसमज खोडते. इंटरनेटवर रस्त्याच्या कडेला उभ्या मूसचे जे फोटो असतात ते बहुतेक मे-जूनचे असतात. तेव्हा हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या चरात साठलेलं असतं आणि ते चाटायला मूस येतात. पानगळीत तसं नसतं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ, नर मादीच्या शोधात फिरत असतात, आणि ते दिसतात तळ्याच्या, दलदलीच्या कडेला, उजाडताना. म्हणून हायवेवर वर-खाली चकरा मारण्यात सकाळ घालवू नका. एक जागा धरा.

मला आवडणारी जागा म्हणजे अॅरोहॉन रोड. हायवेवरून किमी १५ च्या आसपास वळायचं, आत जाऊन गाडी लावायची आणि जुन्या रेल्वेच्या सपाट पट्टीवरून चालत वुल्फ हाउल पाँडकडे. चढ नाही, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना पण जमतं. हीच वाट मिझी लेक ट्रेलचा भाग आहे, तो पूर्ण ट्रेल साधारण ११ किमीचा आहे, दिवसच जातो, आणि तिथे कुत्रा न्यायला बंदी आहे. पूर्वेकडे मुक्काम असेल तर ओपिओंगो रोडच्या कडेची दलदल बघा.

आता करायचं काय ते क्रमाने :

वारा बघा. चिमूटभर वाळलेलं गवत चुरून सोडा. वारा तळ्याकडून तुमच्या तोंडावर आला पाहिजे.

बसा, आणि ४० मिनिटं उठू नका. लोक दहा मिनिटांत कंटाळतात, बोलायला लागतात. पहिली वीस मिनिटं जंगलाला तुम्हाला विसरायला लागतात.

आधी ऐका. मादीचा आवाज लांबलचक, हेल काढून रडल्यासारखा. नराचा आखूड, घशातून, मध्ये थांबून थांबून. फांद्या मोडल्याचा, शिंगं झुडपावर घासल्याचा आवाज पण येतो. पाण्यात चालताना मात्र पाय उपसल्याचा डबक-डबक आवाज, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

दुर्बीण कडेवर फिरवा, मध्यभागी नाही. पाणी आणि झाडी जिथे मिळतात ती रेघ डावीकडून उजवीकडे सावकाश. पूर्ण मूस शोधू नका, एखादी आडवी काळी रेघ शोधा. जंगलात सगळं उभं असतं, पाठ तेवढी आडवी असते.

एका ऑक्टोबरात मी अशीच बसले होते, धुकं इतकं की समोरचं पाणी पण दिसेना. नुसता डबक-डबक आवाज. मग धुक्यातून आधी शिंगं आली, नुसती शिंगं, पसरलेल्या हातांसारखी, त्यावर पाणवनस्पतीची एक ओली दोरी लोंबत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. नंतर खाली डोकं दिसलं. श्वासाची वाफ दिसली. मी दुर्बीण खाली ठेवली ती परत उचललीच नाही.

सावध : माजावर आलेला नर ही गंमत नाही. खांद्यापाशी २ मीटरच्या घरात उंची आणि चार-पाचशे किलो वजन. मूसचा आवाज काढून त्याला बोलवू नका, कितीही व्हिडिओ बघितले असतील तरी. हात लांब करून अंगठा उभा धरा, अख्खा प्राणी अंगठ्यामागे झाकला गेला पाहिजे, नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले, ओठ चाटायला लागला, शिंगं डोलवायला लागला की लगेच मागे सरा. अंगावर आलाच तर पळा आणि जाड झाडाच्या आड जा. अस्वलाच्या बाबतीत उलटं, पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून बोलत बोलत हळूहळू मागे सरकायचं. हे दोन नियम मुलांना गाडीतच पाठ करून घ्या, आयत्या वेळी गोंधळ होतो.

मूस नाही दिसला तर? खुणा वाचा, त्याने सकाळ फुकट जात नाही. मूसचा खूर साधारण १३ ते १५ सेमी लांब, हरणाचा त्याच्या निम्मा. ठशात साठलेलं पाणी अजून गढूळ असेल तर जनावर आत्ताच गेलंय. कोवळ्या झाडांची साल सोलून लोंबतेय, आतलं लाकूड ओलं, म्हणजे शिंगं घासलीत. आणि जमिनीत उकरलेला खड्डा, त्याला जनावराच्या मुताचा उग्र वास, तर तिथून निघा, तो नर त्या खड्ड्याकडे परत येतो.

पायरी ५ : साडेनऊ-दहानंतर उंचावर

गार रात्रीनंतर दरीत धुकं भरतं. आठ वाजता लुकआउटवर, म्हणजे लांबवर दिसणाऱ्या उंच जागी, चढलात तर पांढरं सोडून काही दिसणार नाही. म्हणूनच पहाट खाली, आणि धुकं उठल्यावर वर.

वेळ कमी, सोबत वयस्कर माणसं असतील तर हार्डवुड लुकआउट, किमी १३.८, जेमतेम १ किमीचा लूप, आणि मेपलच्या मधोमध. नेहमीचा प्रसिद्ध लुकआउट ट्रेल किमी ३९.७ ला, साधारण २ किमी पण चढ खडा आणि खडकाळ. वरून जंगल अंथरल्यासारखं दिसतं. गर्दी प्रचंड, पार्किंग भरलं की रस्त्याकडेला गाडी लावायचा मोह होतो, लावू नका, पुढे निघा आणि दुसरा ट्रेल धरा. अंगात दम असेल, ५-६ तास असतील तर सेंटेनियल रिजेस, किमी ३७.६, पण मग बाकी प्लॅन सोडा.

फोटोबद्दल एकच सांगते. कडक उन्हात पानांवर चकाकी येते आणि रंग धुतल्यासारखे दिसतात. ढगाळ दिवस लागला तर हळहळू नका, पाऊस पडून गेल्यावर ओल्या काळ्या खोडांसमोर लाल पान जे दिसतं ते उन्हात कधीच नाही. फोनवर फोकस पानावर ठेवून उजेड थोडा कमी करा. आकाश फ्रेममध्ये कमी घ्या.

सावध : खडकावर पडलेली ओली पानं म्हणजे साबण. पाय पानावर नाही, उघड्या खडकावर ठेवा. उतरताना जास्त लोक घसरतात.

पायरी ६ : दुपार दलदलीत

दुपारी बहुतेक प्राणी निवांत असतात, पण पक्षी मिळतात. किमी ४२.५, स्प्रूस बॉग बोर्डवॉक, १.५ किमी, लाकडी फळ्यांची वाट, जवळजवळ सपाट. खाली जे मऊ हिरवं-तांबडं दिसतं ते शेवाळ आहे, जमीन नाही, फळीवरून उतरू नका. तुमचा एक पाय म्हणजे तिथे कित्येक वर्षं टिकणारा खड्डा.

इथे कॅनडा जे भेटतो. राखाडी, साळुंकीपेक्षा थोडा मोठा, भुरभुर पिसांचा, आणि माणसाला अजिबात न घाबरणारा. पानगळीत त्याची एकच धांदल असते. हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जात नाही, म्हणून खाण्याचे हजारो तुकडे थुंकीने चिकट करून सालीच्या फटीत, दगडफुलामागे दडवून ठेवतो, आणि त्या साठ्यावर हिवाळा काढून बर्फ असतानाच पिल्लं वाढवतो. त्याच्या मागे नजर ठेवा, तो कुठे कोंबतो ते बघा, दहा मिनिटं अशी जातात कळत नाही. पायात रंगीत कड्या दिसल्या तर त्यांचा क्रम, डावा-उजवा पाय लिहून घ्या आणि व्हिजिटर सेंटरला सांगा, इथे या पक्ष्यांचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे.

तो हातावर येऊन बसतो म्हणून लोक चकली, लाडू, ब्रेड पुढे करतात. नका करू, पार्कात प्राणी-पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे. मुलं हट्ट करतात हे मला माहितीये, पण त्यांना तो साठवतोय ते दाखवा, ते त्याहून जास्त रमतात.

टॅमरॅक सोनेरी असेल तर फांद्या खालून वर नीट बघा. स्प्रूस ग्राउझ नावाची कोंबडीएवढी पक्षीण तिथे सुया खात बसलेली असू शकते. ती हलतच नाही, म्हणून सगळे खालून निघून जातात.

तिथून जवळच, किमी ४३ ला, व्हिजिटर सेंटर. टॉयलेट, गरम खाणं, आणि मागच्या डेकवरून खालची दरी दिसते. आज कुठे काय दिसलं ते काउंटरवर विचारा, नीट सांगतात. लंच इथेच घ्या.

पायरी ७ : सूर्यास्ताआधी दीड तास, बीव्हर

किमी ४५.२ ला बीव्हर पाँड ट्रेल, २ किमी. सूर्यास्त ऑक्टोबरच्या सुरुवातीला सातच्या किंचित आधी, म्हणजे साडेपाचला तुम्ही पाण्याकाठी पाहिजे. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात घर बांधणारा प्राणी, आणि पानगळीत तो घाईत असतो. तळं गोठायच्या आत त्याला घरासमोर पाण्यात फांद्यांचा ढीग रचून ठेवायचा असतो, हिवाळाभर बर्फाखालून जाऊन तो तेच खातो.

चेक : बसायच्या आधी ते घर चालू आहे का बघा. घरावर ताजा ओला चिखल लिंपलेला आहे का, पाण्यात हिरव्या सालीच्या फांद्या खोचल्यात का, कुरतडलेल्या बुंध्याशी लाकडाचे छिलके पांढरे आहेत का. छिलके राखाडी, घरावर गवत उगवलेलं, तर ते घर सोडलेलं, तिथे बसून उपयोग नाही.

बसल्यावर पाण्यावर इंग्रजी व्ही सारखी रेघ शोधा, तिच्या टोकाशी डोकं असतं. शेपटी पाण्यावर फटकन आपटली की त्याने तुम्हाला ओळखलं. गप्प बसा, बऱ्याचदा वीसेक मिनिटांत परत येतो.

मोठ्या तळ्यांवर लून (बुड्या मारणारा मोठा पाणपक्षी) दिसला तर राखाडी, ठिपके नसलेला कुठला पक्षी म्हणून सोडून देऊ नका. मोठे लून आधी निघून जातात, ऑक्टोबरात मागे राहतात ती त्याच वर्षीची पिल्लं असतात. कोणी वाट न दाखवता ती एकटी दक्षिणेला उडतात. मला दरवेळी ते एकटं तरंगणारं पिल्लू बघून गलबलतं.

पायरी ८ : परत निघताना

दिवसभर सगळं नीट केलं आणि इथे ढिलाई झाली असं नको. अंधारात मूस हेडलाइटमध्ये हरणासारखा चमकत नाही. अंग काळं, डोळे उजेडाच्या झोताच्या वर. आणि पाय इतके लांब की गाडी पायांना लागते आणि धड काचेवर येतं. लिमिट ८० आहे, अंधारात मी ६५-७० च ठेवते, मागचा घाई करत असेल तर बाजूला घेऊन जाऊ देते. शेजारी बसलेल्याने मोबाइल ठेवून उजवी कड बघायची, हे आमच्या गाडीत ठरलेलंच आहे. समोरच्या गाडीचे दिवे मध्येच क्षणभर दिसेनासे झाले तर आधी ब्रेक, विचार नंतर.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी मोजे, गुडघ्यामागची जागा, कंबर, मुलांच्या केसांची मुळं, सगळं उजेडात तपासा गोचिडासाठी. चिकटलेला दिसला तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल-बिल लावू नका, आणि तारीख लिहून ठेवा, पुढे ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टर तीच आधी विचारतात.